लाकडाची टोपली, टोपलीतली वाट

अमेरिकेतल्या एखाद्या हस्तकलेच्या प्रदर्शनात एक टोपली मांडून ठेवलेली असते. गोल, उथळ, घरातल्या परातीएवढी. फिकट पिवळसर विणीवर काळ्या आणि विटकरी रंगाची, पायऱ्या पायऱ्यांची नक्षी. वीण इतकी घट्ट आणि एकसारखी की पाहणारा थबकतोच. हात लावायची परवानगी मिळाली तर मात्र त्याची पुरती गंमत होते. बोटांना गवताचा किंवा वेताचा नरमपणा लागत नाही. टोपली जड असते, टणक असते, टिचकी मारली तर टक्क आवाज येतो. कारण ती टोपली नसतेच मुळी! मेपल झाडाच्या लाकडातून लेथवर कातून काढलेली ती थाळी असते. तिच्यात एक काडी नाही की एक टाका नाही.

या प्रकाराला तिकडे ‘बास्केट इल्यूजन’ म्हणतात. ‘टोपलीचा आभास’ असे त्याला मराठीत म्हणता येईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लेथवर लाकूड कातण्याचा छंद बराच पसरला. १९८६ साली तिथे ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात आहे. लाकडी वाडगे, फुलदाण्या, थाळ्या करता करता काही कारागिरांना नवे काही करून पाहावेसे वाटू लागले. लिंकन सायट्झमन हे या आभासी टोपल्यांचे आद्य कारागीर मानले जातात. कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावचे डेव्हिड निटमन यांनी ही पद्धत पुढे पुष्कळांपर्यंत पोचवली. या कामासमोर नमुना असतो तो बहुतेक वेळा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या टोपल्यांचा. नवाहो, होपी, अपाची, पिमा अशा जमातींच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या विणलेल्या टोपल्यांचा.

लेथ मराठी माणसाला काही नवा नाही. घरातले लाटणे, पाळण्याचे दांडे, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी हे सगळे कातकामच. लाकूड गरगर फिरत राहते आणि कारागीर हत्यार टेकवून त्याला आकार देतो. हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी असा जुना शब्द आहे. टोपली विणणारा बुरूडही सर्वांच्या ओळखीचा. पण या दोघांचे काम एकाच वस्तूत दिसावे, ही कल्पना मात्र तिकडची.

चार हजार डाग

ही नजरबंदी साधते कशी, ते समजून घेण्यासारखे आहे.

लाकूड निवडायचे ते फिकट रंगाचे, बारीक आणि घट्ट रेषांचे. मेपल त्यासाठी उत्तम. लाकडाची स्वतःची नक्षी फार ठळक असली तर ती वर काढलेल्या नक्षीशी भांडते. आधी थाळीचा आकार कातून घ्यायचा. मग एका खास हत्याराने तिच्यावर मध्यापासून काठापर्यंत एकाला लागून एक असे बारीक गोल कंगोरे पाडायचे. प्रत्येक कंगोरा साधारण तीन मिलिमीटर रुंदीचा. हाच टोपलीच्या वेढ्याचा आभास.

दोन कंगोऱ्यांमधली खाच काळी करायची असते. त्यासाठी कोणताही रंग लागत नाही. थाळी वेगाने फिरत असताना खाचेत तारेचा ताण द्यायचा, की घर्षणाने लाकूड जळून काळी रेघ उमटते. सपाट जागी तार टेकत नाही. तिथे लॅमिनेटच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट सनमायका म्हणतात त्याच्या, तुकड्याची कड धरतात.

यानंतर लेथचे फिरणे थांबते आणि माणसाची चिकाटी सुरू होते. लेथच्या दांड्यावर समान भाग पाडलेली एक चकती असते. तिच्या आधाराने थाळीवर मध्यापासून काठापर्यंत, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, ९६ किंवा १४४ रेघा पेन्सिलीने आखून घ्यायच्या. मग विजेवर तापणारी लेखणी घ्यायची. तिचे टोक कंगोऱ्याच्या गोलाईशी जुळणारे असते. रेघ जिथे जिथे कंगोऱ्याला छेदते, तिथे तिथे एक डाग द्यायचा. एक डाग म्हणजे एका टाक्याची कड.

आता थोडे गणित. बारा इंच व्यासाच्या थाळीवर काठापासून मध्यापर्यंत सहा इंचांचे अंतर. कंगोरा एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे ४८ कंगोरे. ९६ रेघा धरल्या तर ४,६०८ डाग. मध्याजवळ रेघा एकमेकींना चिकटू लागतात, म्हणून तिथे त्यांची संख्या कमी करतात. तरीही एका बाजूला चार हजारांच्या आसपास डाग होतातच. दुसरी बाजूही तशीच करायची तर दुप्पट. हात एकदा जरी घसरला तरी ती खूण कायमची.

शेवटी रंग. गोलाकार घरे छापलेल्या कागदावर नक्षी आधी आखून घेतात आणि मग घर मोजत मोजत शाईच्या कलमाने एकेक ‘टाका’ रंगवतात. भोवती डागलेली रेघ असल्याने शाई शेजारच्या घरात झिरपत नाही. काळ्या रंगासाठी वापरतात ती ‘इंडिया इंक’, म्हणजे काजळीची पक्की शाई. नाव तेवढे इंडियाचे!

थोडक्यात, हे काम यंत्राचे वाटले तरी त्यातला यंत्राचा वाटा लहान आणि माणसाच्या सबुरीचा वाटा मोठा. ज्याने हे केले त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण कौतुक करताना एक प्रश्न मागे उरतो. ही नक्षी मुळात कोणाची? आणि ती नुसती नक्षीच आहे का?

नवरा-नवरीची टोपली

नवाहो लोक अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत राहतात. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. त्यांच्या घरी एक टोपली असते. सुमॅक नावाच्या झुडपाच्या काड्यांची. मधोमध पांढरी जागा, तिच्याभोवती काळ्या पायऱ्यांची नक्षी, मग लाल पट्टा, पुन्हा काळ्या पायऱ्या आणि पांढरा काठ. लाकडी टोपल्या करणाऱ्यांच्या आवडीचा हा नमुना.

नवाहोंसाठी ही टोपली म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. लग्नात तिच्यात मक्याच्या पिठाची लापशी वाढतात. वधू-वर पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशा चारही दिशांनी बोटभर लापशी घेऊन खातात. आजाऱ्यासाठी करायच्या विधींतही ही टोपली लागते. तिच्या नक्षीचा अर्थ सांगणारे थोडा वेगवेगळा सांगतात. मध्यावरची जागा म्हणजे जिथून माणसे या जगात वर आली ते स्थान, काळ्या पायऱ्या म्हणजे डोंगर किंवा ढग, असे काहीसे.

पण एका गोष्टीविषयी दुमत नाही. ती म्हणजे टोपलीतली वाट. काळा-लाल नक्षीचा पट्टा पूर्ण गोल फिरून मिटत नाही. त्यात एक अरुंद पांढरी फट ठेवलेली असते. ती मध्यापासून थेट काठापर्यंत जाते. विधीच्या वेळी ही वाट पूर्वेकडे करून टोपली ठेवायची. काठाची वीण जिथे संपते तो शेवटही नेमका या वाटेच्या समोर आणलेला असतो. त्यामुळे रात्रीच्या अंधारात विधी करणाऱ्याला नुसत्या बोटांनी काठ चाचपून वाट कुठे आहे ते कळते.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. लग्नात मुलीची पाठवणी करताना ‘झाल’ असते. वेळूच्या पात्रात दिवे ठेवून ते सासरच्या मंडळींच्या डोक्यावर धरतात. त्याला वंशपात्र म्हणतात. वंश म्हणजे वेळू आणि वंश म्हणजे कूळही. तिथे पितळेचे ताट का चालत नाही, हे घरातल्या आजीला विचारावे लागत नाही. देवीच्या जोगव्याची परडीसुद्धा तशीच. आता ही परडी कोणी परदेशात हुबेहूब लाकडात करून दिवाणखान्यात किल्ल्या ठेवायला मांडली, तर तिच्या सुबकतेची वाखाणणी करतानाही मराठी घरातला माणूस क्षणभर गप्प होईल. राग येईलच असे नाही. पण ‘ही काय आहे ते यांना कोणी सांगितले असेल का?’ असे मनात आल्यावाचून राहणार नाही.

लेथवरच्या टोपलीत हा प्रश्न आणखी एका कारणाने उभा राहतो. वेढ्यांची टोपली मध्यापासून सुरू होते आणि एकाच वेढ्याने फिरत फिरत बाहेर जाते. ते गोगलगाईच्या शंखासारखे वळण असते. त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. लेथवर पडलेला प्रत्येक कंगोरा मात्र स्वतःपुरता बंद गोल असतो. यंत्राला दुसरे काही येतच नाही. तेव्हा नक्षी नुसती सुंदर म्हणून उचलली आणि आकृती नेटकी व्हावी म्हणून ती फटही बुजवून टाकली, तर डोळ्याला फरक पडत नाही. उलट नक्षी अधिक पूर्ण दिसते. पण ज्या घरातून ती आली त्या घराच्या दृष्टीने बाहेर पडायची वाटच बंद झालेली असते.

ऐंशी हजार टाके

म्हणजे दुसऱ्याचे काही घेऊच नये का? तसे म्हणता येणार नाही. हस्तकलेचा इतिहास हा देवघेवीचाच इतिहास आहे. नवाहोंच्या लग्नाच्या टोपल्या पुष्कळ काळ शेजारच्या पायूट आणि यूट जमातींच्या बायका विणून देत आल्या. विणताना पाळायचे निर्बंध फार, म्हणून नवाहो बायकांनी हे काम कमी केले, असे त्याचे कारण सांगतात. वाट ठेवायची हे विणणारीलाही ठाऊक आणि घेणारीलाही ठाऊक. त्या देवघेवीत अर्थ हरवला नाही.

दुसरे उदाहरण लुईसा कीझर हिचे. ‘दात-सो-ला-ली’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, टाहो सरोवराच्या भोवतालच्या वाशो जमातीची ही बाई. कार्सन सिटी गावात एब आणि एमी कोहन या दुकानदार दांपत्याकडे ती धुण्याभांड्यांची कामे करी. तिच्या हातची वीण पाहून १८९५च्या सुमारास कोहन दांपत्याने तिला टोपल्यांच्याच कामाला लावले. तळाशी अरुंद, मध्ये फुगीर आणि तोंडाशी पुन्हा निमुळती अशी तिची ‘देगिकुप’ टोपली आज जगभर नावाजली जाते. गंमत अशी की या घाटावर शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या जमातींच्या टोपल्यांची छाप आहे. म्हणजे तिनेही घेतलेच होते. पण घेतलेले तिने आपल्या बोटांतून नवे करून काढले.

‘बीकन लाइट्स’ ही तिची टोपली १९०४-०५मध्ये तयार झाली. त्या एका टोपलीला वर्षाहून अधिक काळ लागला. तिच्यात ८०,०००हून अधिक टाके आहेत. विलोच्या काड्या दातांनी चिरून, सारख्या जाडीच्या करून, एकेक टाका घातलेला. लाकडी टोपलीवरच्या चार हजार डागांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण ज्या मूळ कामाचा तो आभास आहे, त्याची उंची मात्र कळते.

ही टोपली १९१४ साली १,४०० डॉलरला विकली गेली. त्या काळी ही रक्कम मोठी होती. पण ती लुईसाच्या हातात पडली नाही. तिच्या राहण्या-खाण्याची सोय कोहन यांच्याकडे आणि तिच्या टोपल्या कोहन यांच्या मालकीच्या, असा व्यवहार होता. एमी कोहन यांनी तिच्याविषयी पत्रके छापली. गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून त्यांत रचलेल्या कितीतरी गोष्टी कल्पित होत्या, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. कोहन यांनी तिचे नाव जगाला सांगितले हे खरेच. पण तिच्या टोपल्यांचा अर्थ तिने काय सांगितला असता, ते त्या पत्रकांतून कळत नाही. लुईसा १९२५ साली वारली. ‘बीकन लाइट्स’ आज न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन इथल्या फेनिमोर संग्रहालयात आहे.

नाव सांगण्याचा कायदा

दुसऱ्याच्या हाताचे काम आपले म्हणून किंवा आपले काम दुसऱ्याच्या नावावर खपवण्याचा धंदा अमेरिकेत इतका वाढला की १९९० साली त्यासाठी ‘इंडियन आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स अ‍ॅक्ट’ हा कायदा करावा लागला. इथे ‘इंडियन’ म्हणजे अर्थातच अमेरिकेचे मूळ रहिवासी. त्यांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा या कायद्याने गुन्हा आहे. व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा नुसता कागदावर नाही. २०१५ साली न्यू मेक्सिकोत मोठे छापे पडले. फिलिपाइन्समध्ये बनवलेले दागिने मूळ रहिवाशांच्या हातचे म्हणून विकले जात होते. त्या प्रकरणात २०१८ साली एका दुकानदाराला तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

या कायद्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. तो घाट किंवा नक्षी वापरायला बंदी करत नाही. खोटे सांगायला बंदी करतो. कोणी कातारी होपी टोपलीवरून थाळी करील तर त्याने खुशाल करावी. पण ती होपींची म्हणून विकू नये. भारतातही १९९९ साली भौगोलिक निर्देशनाचा कायदा झाला. लेथवर होणारी चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि ठाणे-पालघरकडची वारली चित्रकला यांना त्याखाली मान्यता मिळाली आहे. दोन्ही कायद्यांच्या मुळाशी गोष्ट एकच. वस्तू कोणाची, ते खरे सांगा.

‘बास्केट इल्यूजन’ हे नाव त्या बाबतीत प्रामाणिक आहे. ते नावातच कबूल करते की हा आभास आहे. पण कायदा पाळला म्हणजे सगळे झाले असे नाही. कायदा खोटे बोलू देत नाही, पण खरे पूर्ण सांगायला कोणाला भागही पाडू शकत नाही. ते काम ज्याच्या त्याच्या सभ्यतेचे. थाळीच्या तळाशी कारागीर आपले नाव आणि लाकडाचे नाव लिहितो. तिथे आणखी एक ओळ सहज मावते. नक्षी कोणत्या लोकांच्या कोणत्या टोपलीवरून सुचली, ती ओळ. जी टोपली विधीची आहे तिची हुबेहूब नक्कल न करता, वेढ्यांची पद्धत तेवढी घेऊन त्यात स्वतःची नक्षी घालणे हा आणखी चांगला मार्ग. लुईसा कीझरने शेजारणींच्या घाटाचे तेच केले होते.

आणि ज्या घरात अशी वस्तू विकत घेतली जाते त्या घराचेही थोडे काम आहे. विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा. ‘ही नक्षी कुणाची?’ उत्तर देता आले तर वस्तू घ्यावी, आणि पाहुण्यांना दाखवताना तेही सांगावे.

झुडूप राहिले तर टोपली राहील

कातारी लाकडाच्या वखारीतून मेपलची फळी आणतो. टोपली विणणारीला वखार नसते. तिची वखार म्हणजे ओढ्याकाठची विलोची झुडपे, रानातले नेचे, माळावरचे गवत. त्यांच्या काठावर धरणे झाली, कुंपणे पडली, रस्त्याकडेला तणनाशकाचे फवारे आले. काड्या दातांत धरून चिरायच्या असतात. म्हणजे झुडपावरचे विष थेट विणणारीच्या तोंडात. याच काळजीतून कॅलिफोर्नियातल्या विणकर बायका-पुरुषांनी १९९२ साली आपली संघटना उभी केली. काड्या तोडायला रानात जाऊ द्या आणि त्या रानात विष फवारू नका, अशा तिच्या मागण्या. टोपली विणणे आईकडून मुलीकडे जाते असे म्हणतात. पण शिकवायला हातात काडी तर हवी!

मेपलची थाळी शंभर वर्षे टिकेल. तिला कीड लागू दिली नाही तर त्याहूनही जास्त. पण ती ज्या टोपलीची सावली आहे, ती टोपली विणणारे हातच राहिले नाहीत, तर पुढच्या पिढीला तो आभास कसला हेही सांगता यायचे नाही. म्हणून चांगल्या कातारीची थाळी पाहणाऱ्याला आपल्यापाशीच थांबवून ठेवत नाही. ती त्याला खऱ्या टोपलीकडे पाठवते, आणि तिथून ओढ्याकाठच्या झुडपाकडे. नवाहो बायका टोपलीत मुद्दाम ठेवतात ती अरुंद पांढरी वाट थाळीतही राहू द्यावी, ती याचसाठी.